फलाटावर उतरलेला माणूस

पुलगावात बर्फ पडत नाही. विदर्भात आभाळातून पडणारी सगळ्यांत थंड गोष्ट म्हणजे गार, आणि तीही फाल्गुनात येऊन हरभऱ्याची नासाडी करून जाते. बाकी वर्षभर इथे ऊन आणि पाऊस यांचंच राज्य. मुंबईकडून येणारी गाडी वर्धा नदीचा पूल ओलांडते आणि पुलगावला थांबते. नागपूरपर्यंत हा लोहमार्ग 1867 साली पोचला. पुढे 1917 पासून इथूनच आर्वीला जाणारी 35 किलोमीटरची छोटी लाइन सुरू झाली. मोठ्या गाडीला उशीर झाला आणि आर्वीची छोटी गाडी निघून गेली, की प्रवाशापुढे रात्र फलाटावर काढण्यावाचून दुसरा मार्ग नसे. मग चहावाला, हमाल, स्टेशनमास्तर यांच्यासमोर एक अनोळखी माणूस उभा राहायचा. त्याचं गाव माहीत नाही, जात माहीत नाही, हेतू माहीत नाही. त्याचं काय करायचं, हे त्या क्षणी ठरवावं लागे.

हा क्षण साध्या व्यवहाराचा वाटतो, पण धर्माचा सगळा कस तिथे लागतो. देवळात कोण कसा हात जोडतो यावरून त्याची श्रद्धा कळत असेल, पण दारात आलेल्या अनोळखी माणसाकडे तो कसा पाहतो यावरून त्या श्रद्धेत काय भरलं आहे ते कळतं. प्रश्न जुनाच आहे. आलेला माणूस पूज्य कशामुळे? तो कोणीतरी असू शकतो म्हणून, की तो आला आहे एवढ्यामुळेच?

बर्फातलं आडवळणाचं स्टेशन आणि तिथे उतरलेला गूढ प्रवासी ही गोष्ट जगभर कितीतरी वेळा लिहिली गेली. ती प्रत्यक्षात घडली 1910 साली, रशियातल्या अस्तापोवो या स्टेशनावर. 82 वर्षांचा लिओ टॉलस्टॉय नोव्हेंबरातल्या एका रात्री पत्नीला न सांगता यास्नाया पोल्याना इथलं आपलं घर सोडून निघाला. बरोबर डॉक्टर माकोवित्स्की होता. गाडीत ताप चढला, पुढचा प्रवास अशक्य झाला आणि ते ज्या स्टेशनावर उतरले तिथे मुक्कामाची धड सोयही नव्हती. स्टेशनमास्तर इव्हान ओझोलिन यानं आपलं राहतं घर त्यांच्यासाठी मोकळं करून दिलं. 20 नोव्हेंबरला टॉलस्टॉयनं त्याच घरात प्राण सोडला. त्या आठवड्यात तिथे वार्ताहर लोटले, तारांचा पाऊस पडला, चलच्चित्रांचे कॅमेरे आले. पुढे त्या स्टेशनालाच टॉलस्टॉयचं नाव मिळालं.

ओझोलिनचा मोठेपणा कमी लेखण्याचं कारण नाही. ज्या माणसाला रशियन चर्चनं 1901 साली बहिष्कृत केलं होतं, ज्याच्यावर सरकारची नजर होती, त्याला घरात घेणं धाडसाचंच होतं. तरी एक गोष्ट विसरता येत नाही. आपल्या फलाटावर कोण उतरलं आहे हे ओझोलिनला कळलं होतं. तो टॉलस्टॉय होता. एखादा बेनाम म्हातारा तापानं फणफणत उतरला असता तर त्यालाही हेच घर मिळालं असतं का, याचं उत्तर इतिहासात सापडत नाही.

उलट बाजूचं उत्तर मात्र सापडतं, आणि तेही महाराष्ट्रातल्या एका स्टेशनावर.

साल तेच, 1901. उन्हाळ्याची सुट्टी. साताऱ्याहून चार मुलं आगगाडीनं निघाली. कोरेगावला त्यांचे वडील खजिनदाराच्या नोकरीत होते, त्यांना भेटायला. नऊ-दहा वर्षांचा भीमराव आंबेडकर, त्याचा मोठा भाऊ आणि थोरल्या बहिणीची दोन मुलं. पहिलाच रेल्वेप्रवास, म्हणून नवे कपडे शिवलेले: नव्या धर्तीचे सदरे, चकचकीत टोप्या, रेशीमकाठी धोतरं. संध्याकाळी ती मसूरला उतरली. वडिलांना पाठवलेलं पत्र त्यांच्या हाती पडलंच नव्हतं, त्यामुळे न्यायला कोणी आलं नाही. बाकीचे उतारू निघून गेले. रिकाम्या फलाटावर चार मुलं सामान घेऊन उभी राहिली.

स्टेशनमास्तर जवळ आला. त्यानं तिकिटं पाहिली, कुठे जायचं ते विचारलं. मुलांचे कपडे पाहून ती ब्राह्मणांची असावीत असं त्याला वाटलं आणि त्यांची अवस्था पाहून तो कळवळला. मग त्यानं तो नेहमीचा प्रश्न विचारला: तुम्ही कोण? मुलानं सरळ सांगून टाकलं, महार. स्टेशनमास्तरचा चेहरा पालटला. तो पाठ फिरवून आपल्या खोलीत निघून गेला. मुलं जिथल्या तिथे उभी राहिली.

डॉ. आंबेडकरांनी हा प्रसंग पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहिला. त्यात अंगावर येते ती घटनांची क्रमवारी. कळवळा आधी आला. तो खोटा नव्हता. त्या माणसाच्या काळजात चार पोरक्या दिसणाऱ्या मुलांसाठी जागा होती. ओळख विचारताक्षणी ती जागा बंद झाली. अर्ध्या तासानं तो परत आला आणि त्यानं वाटही काढून दिली, कारण एकही गाडीवान मुलांना गाडीत घ्यायला तयार नव्हता. तोड अशी निघाली की भाडं दुप्पट द्यायचं, बैल मुलांनीच हाकायचे आणि गाडीवान बाजूनं पायी चालणार. रात्री वाटेत जकात नाक्यावर मुलांनी पाणी मागितलं. मुसलमान आहोत असं सांगा, असा सल्ला मिळाला होता आणि त्यांनी तसं सांगितलंही. तरी पाणी मिळालं नाही. टोपलीत खाणं होतं, पण पाण्यावाचून घास उतरेना. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ती कोरेगावला पोचली.

स्टेशन ही तशी नवी जागा. गावाबाहेर, सरकारच्या हुकमतीत, घंटेवर चालणारी. डब्यात कोण कोणाला लागून बसेल यावर पंचांचा ताबा नाही. आगगाडीनं जातपात मोडेल असं त्या काळी कित्येकांनी म्हटलं होतं. पण फलाटावर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशी वेगवेगळी मडकी विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकापर्यंत राहिली आणि अस्पृश्याचं पाणी त्यांत नव्हतं. रूळ आले, सिग्नल आले, वेळापत्रक आलं. ‘तुम्ही कोण?’ हा प्रश्न मात्र पाण्याच्या आधीच विचारला जात राहिला.

आता आपल्या कथा आठवाव्यात. मराठी भक्तिपरंपरेला अनोळखी पाहुण्याचं विलक्षण वेड आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारं लोकांसाठी उघडली, आणि त्यांचा जीव वाचवायला विठ्ठल महाराच्या रूपात बीदरच्या दरबारी जाऊन पैसे भरून आला. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्या नावाचा गडी बारा वर्षं पाणी भरत होता, तो प्रत्यक्ष श्रीकृष्ण होता. दत्तात्रेय तर सरळ रूपात क्वचितच येतो. तो फकीर होऊन येतो, मलंग होऊन येतो, झोळी घेऊन भिक्षा मागायला येतो आणि निघून गेल्यावरच कळतो. टॉलस्टॉयच्या ‘जिथे प्रेम तिथे देव’ या 1885 च्या कथेतही हेच आहे. एक मोची ख्रिस्ताची वाट पाहत खिडकीशी बसतो, बर्फ उपसणाऱ्या म्हाताऱ्याला चहा देतो, थंडीनं कुडकुडणाऱ्या बाईला कपडा देतो, आणि रात्री त्याला कळतं की आलेले सगळे तोच होता.

या कथांनी अनेक पिढ्यांना दार उघडायला शिकवलं, हे खरं आहे आणि ते लहान काम नाही. घरातल्या आजीनं दारातल्या भिकाऱ्याला भाकरी देताना ‘कोणाच्या रूपात कोण येईल’ असं म्हणावं आणि नातवंडांनी ते ऐकावं, यातून माणुसकीचं जेवढं शिक्षण झालं तेवढं पुस्तकांनी झालं नसेल.

पण या कथांच्या पोटात एक भेग आहे. विठ्ठल महार होऊन बीदरच्या दरबारात जातो, तेव्हा कीर्तनकाराचा कंठ दाटून येतो आणि श्रोत्यांचे डोळे भरतात. आणि महाराचा खराखुरा मुलगा मसूरच्या फलाटावर उतरतो, तेव्हा पुढच्या वाटेवर त्याला घोटभर पाणी मिळत नाही. वेश देवानं घेतला तर ती लीला. माणूस वेशाशिवाय, आपल्या खऱ्या नावानं आला तर तो विटाळ. आंबेडकरांच्याच आयुष्यात ही उलटापालट पुढे आणखी कठोरपणे झाली. कोलंबिया विद्यापीठात शिकून 1917 साली ते बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत त्यांना पारशी नाव सांगून राहावं लागलं. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. तिथून बाहेर पडून मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत त्यांनी बडोद्याच्या कामाठी बागेत पाच तास काढले. कथेत देव महाराचा वेश घेतो आणि त्याची पूजा होते. इथे माणसाला छपरासाठी दुसऱ्याचा वेश घ्यावा लागला, आणि वेश गळून पडताच छप्परही गेलं.

म्हणून ‘हा देव असू शकेल’ एवढ्यावर उभं राहिलेलं आतिथ्य पुरेसं नाही. त्यात नजर समोरच्या माणसावर नसतेच, ती त्याच्या पाठीमागे कोणालातरी शोधत असते. आणि ‘हा देव असू शकेल’ असं म्हणणारं मन ‘हा चोर असू शकेल’ असंही तितक्याच सहज म्हणतं. दोन्ही वेळा समोर उभा असलेला माणूस दिसत नाही.

इथे एक हरकत घ्यायला हवी, आणि ती पुलगावच्याच लोहमार्गावरून घेता येते. याच मार्गावर पश्चिमेला शेगाव आहे. 23 फेब्रुवारी 1878 रोजी तिथे देविदास पातुरकर यांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींतली शितं वेचून खाणारा एक तरुण बंकटलाल अग्रवाल यांना दिसला. तो कुठून आला, कोणाचा, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढे गजानन महाराज म्हणून लाखो लोकांनी त्यांच्यापुढे माथा टेकला आणि आजही टेकतात. ते कुठून आले याचा उलगडा कधीच झाला नाही. मात्र त्या दुपारी बंकटलालांनी केलं ते एवढंच: ते थांबले, बोलले आणि वाढलेलं ताट आणवलं. चमत्कार, गादी, मंदिर हे सगळं नंतरचं. ओळख पटण्याच्या आधीच ताट आलं होतं. परंपरेचा खरा प्राण या आधीच्या पावलात आहे, असं म्हणता येतं. शेगावला जाणारा भाविक महाराजांच्या पायांवर डोकं ठेवतो ते योग्यच. पण त्यानं बंकटलालांच्या जागी स्वतःला उभं करून पाहावं. उष्टं वेचणारा कोणीतरी रस्त्याच्या कडेला दिसला तर तो थांबेल का?

शास्त्रांनीही हा प्रश्न हाताळला आहे, आणि ती एका सुरात बोलत नाहीत. तैत्तिरीय उपनिषद शिष्याला निरोप देताना माता, पिता आणि आचार्य यांच्या रांगेत अतिथीला बसवतं. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात मात्र अतिथीचीही प्रतवारी आहे. ब्राह्मणाच्या घरी आलेला क्षत्रिय हा अतिथी मानायचा नाही, वैश्य आणि शूद्र आले तर त्यांना नोकरांबरोबर जेवू घालायचं. मसूरच्या स्टेशनमास्तरनं हे वाचलं नसेल, पण तो जगला याच वहिवाटीत. कठोपनिषद याहून फार वेगळी गोष्ट सांगतं. तिथे मुलगा नचिकेता यमाच्या दारी येतो. यम घरी नाही. मुलगा तीन रात्री अन्नपाण्यावाचून दाराशी बसून राहतो. परतल्यावर साक्षात मृत्यूलाही चूक कबूल करावी लागते आणि प्रत्येक रात्रीमागे एक याप्रमाणे तीन वर देऊन ती भरून काढावी लागते. आपल्या कथांत बहुधा पाहुणा देव असतो आणि यजमान माणूस. इथे यजमान देव आहे, पाहुणा एक पोर, आणि अपराध देवाकडून झाला आहे. आतिथ्यावर एवढी रोखठोक गोष्ट दुसरी क्वचितच असेल.

युरोपात इमान्युएल कांटनं 1795 साली हाच विषय धर्मातून उचलून कायद्यात नेला. परक्या भूमीवर पाय ठेवणाऱ्याला केवळ तो परका आहे म्हणून शत्रू समजता येणार नाही, हा त्याचा हक्क आहे, त्यात कोणाच्या दयेचा प्रश्न नाही, असं त्यानं मांडलं. कायमचं राहण्याचा हक्क त्यानं दिला नाही. परत पाठवण्याची मुभा ठेवली, पण त्यानं येणाऱ्याचा नाश होत नसेल तरच. ही अगदी किमान अट आहे. तीही पाळली गेली नाही तर काय होतं, ते महाराष्ट्रानं अलीकडेच पाहिलं.

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचा छोटा पाडा आहे. त्या दिवशी आठवडी बाजार होता. तिथे पाच भटके उतरले. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव फिरत होते. त्या पाचांवर संशय घेण्यात आला, त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं गेलं आणि जमावानं तिथेच ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हा त्यांचा पिढ्यानपिढ्यांचा धर्म आणि धंदा. आणि त्यांच्यातले बहुतेक आले होते सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातून.

मंगळवेढा. दामाजीपंतांचं मंगळवेढा, ज्यांच्यासाठी देव वेशांतर करून धावला. चोखामेळ्याचं मंगळवेढा, ज्याला विठ्ठलाच्या देवळात कधी पाऊल ठेवता आलं नाही आणि जो गावकुसाचं बांधकाम करताना भिंत कोसळून दगावला. अनोळखी माणसाबद्दलच्या मराठी भक्तीचं माहेरघर म्हणावं असा हा मुलूख. तिथले भिक्षेकरी चारशेहून अधिक किलोमीटर लांब गेले आणि परक्या गावात त्यांना कोणी ओळखलं नाही. दत्त झोळी घेऊन येतो असं मानणाऱ्या राज्यात झोळीवाल्यांचा जीव गेला. हे लिहिताना हात थरथरतो. ज्या समाजाकडे अतिथीच्या एवढ्या कथा आहेत, त्यानं त्या पाच जणांना साधं ‘कुठून आलात, बसा’ म्हणण्याइतका अवधी दिला असता, तर ते वाचले असते.

राईनपाड्याच्या लोकांना राक्षस ठरवून हा विषय मिटत नाही. ते आदिवासी पाड्यावरचे गरीब लोक होते, आणि आपल्या लेकरांसाठी वाटणारी भीती खरी होती. भीतीचं उत्तर देता आलं नाही तर आतिथ्याच्या सगळ्या गोष्टी कोरड्या राहतात. परका माणूस खरोखरच धोका असू शकतो. तो रोग आणू शकतो, शस्त्र आणू शकतो. कोविडच्या 2020 सालात कितीतरी गावांनी वेशीवर काटेरी फांद्या टाकल्या, तेव्हा भीती पोकळ नव्हती. पण त्याच वर्षी मे महिन्यात, 8 तारखेच्या पहाटे, जालन्याहून भुसावळला गाडी गाठायला रुळांवरून पायी निघालेले 16 मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. थकून ते रुळांवरच झोपले होते. वेशीवरची प्रत्येक काटेरी फांदी एखाद्या गावाचं रक्षण करत होती, आणि चालणाऱ्यासाठी टेकायची एकेक जागा कमी करत होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

भीतीबद्दल सर्वांत प्रामाणिक साक्ष वर्धा जिल्ह्यातल्याच एका माणसाची आहे. बाबा आमटे हिंगणघाटचे, जन्म 1914 चा. वरोऱ्यात असताना त्यांना पावसात गटाराच्या कडेला पडलेला एक कुष्ठरोगी दिसला. त्याचं नाव तुळशीराम. बोटं झडलेली, अंगात किडे पडलेले. निर्भय म्हणून नावाजलेले आमटे तिथून पळाले. हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे, लपवलेलं नाही. मग ते परत आले, त्याच्यावर छप्पर उभं केलं आणि तो जाईपर्यंत त्याची सेवा केली. पुढे त्यातूनच आनंदवन उभं राहिलं. या प्रसंगात कोणताही देव प्रकट झाला नाही. तुळशीराम शेवटपर्यंत तुळशीरामच राहिला आणि तुळशीराम म्हणूनच गेला. दामाजीच्या कथेपेक्षा ही कथा अधिक खोल जाते ती याच कारणानं.

आणि त्याच्याही आधी, 1939 साली, पुलगावहून पुढे वर्ध्याजवळच्या एका खेड्यात एक प्रवासी येऊन उभा राहिला. त्या खेड्याचं नाव तेव्हा सेगाव होतं. गांधीजी 1936 पासून तिथे राहत होते. रेल्वेमार्गावरच्या शेगावशी नावाचा घोळ होऊन टपाल भलतीकडे जाई, म्हणून 1940 साली त्याचं सेवाग्राम झालं. आलेले गृहस्थ म्हणजे परचुरे शास्त्री. संस्कृतचे गाढे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातले गांधीजींचे सोबती, आणि कुष्ठरोगी. घरादाराला ते पारखे झाले होते. आश्रमाच्या आसपास कुठेतरी देह ठेवता यावा, एवढीच त्यांची मागणी होती.

या प्रसंगात गूढ काहीच नव्हतं. पाहुणा ओळखीचा होता, रोगही ओळखीचा होता आणि म्हणूनच निर्णय जड होता. तो देव निघेल ही आशा नव्हती. कुष्ठरोगावर खात्रीचं औषध तेव्हा नव्हतं. सल्फोन औषधांचा गुण 1941 नंतर अमेरिकेत दिसू लागला, तोवर चौलमुग्र्याच्या तेलावर भिस्त होती. आश्रमात बायका होत्या, मुलं होती. आपला जीव धोक्यात घालायला माणूस स्वतंत्र असतो, पण दुसऱ्यांचा? आतिथ्याच्या कथांत हा प्रश्न सहसा येत नाही, कारण तिथे यजमान एकटाच ठरवतो. एकनाथांनी ठरवताना पत्नी गिरिजाबाईंना विचारलं होतं का, हे कोणी विचारत नाही. गांधीजींनी ठरवण्याआधी आश्रमवासीयांपुढे हा विषय ठेवला आणि त्यांची संमती मागितली, असं सेवाग्रामात सांगतात. दार उघडण्याचा अधिकार घरातल्या सगळ्यांचा आहे, हे त्यातून मान्य झालं. ज्याला आतिथ्य हा धर्म वाटतो त्यानं या बारकाव्यापाशी थांबायला हवं. दुसऱ्याच्या जिवावर उदार होणं सोपं असतं.

शास्त्रीजींसाठी गांधीजींच्या कुटीजवळ झोपडी बांधली गेली. गांधीजी रोज तिथे जात, जखमा धूत, अंगाला मालिश करत. त्याची छायाचित्रं उपलब्ध आहेत: झोपडीपुढे बसलेले शास्त्री आणि त्यांच्यापुढे वाकलेले गांधीजी. हे एका दिवसाचं प्रदर्शन नव्हतं. पहिल्या रात्री दार उघडायला उमाळा पुरतो, पण चाळिसाव्या दिवशी जखम धुवायला उमाळा पुरत नाही. अस्तापोवोचा पाहुणा आठवड्यात गेला. सेवाग्रामचा पाहुणा राहिला. आतिथ्य आणि सहजीवन यांतलं अंतर त्या झोपडीनं पार केलं.

वर्ध्याजवळच दत्तपूर आहे. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी 1936 साली तिथे कुष्ठसेवेचं काम सुरू केलं होतं. ते घरंदाज, शिकलेले, आणि कुष्ठरोग्यांमध्ये जाऊन राहिलेले. त्या काळी ही गोष्ट लोकांना वेडेपणाची वाटे. शास्त्रीजींचा पुढचा काळ दत्तपुरात गेला. एका मुलखात, दहा-पंधरा वर्षांच्या अवधीत दिवाण, परचुरे शास्त्री आणि हिंगणघाटचे आमटे, ही नावं योगायोगानं एकत्र आलेली नाहीत. एकानं उघडलेलं दार दुसऱ्याला दिसत होतं.

पुलगावलाही एका रात्री सगळी गणितं उलटी झाली. 31 मे 2016 च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या लष्करी दारूगोळा भांडारात भीषण आग लागली, स्फोट झाले. अधिकारी, जवान आणि आग विझवायला गेलेले कर्मचारी मृत्युमुखी पडले. आसपासच्या गावांतली घरं हादरली आणि माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी, लेकरं काखेत घेऊन अंधारात बाहेर पडली. रात्री जेवताना जे यजमान होते, ते पहाटेआधी परक्याच्या दाराची वाट चालू लागले. कांटच्या हक्काची गरज कोणाला कधी पडेल हे आधी ठरलेलं नसतं.

सेवाग्रामचा एक तपशील मात्र अजून सांगायचा राहिला. परचुरे शास्त्री मरायला आले होते, पण तिथे ते नुसते रुग्ण होऊन पडून राहिले नाहीत. त्यांच्यातला पंडित जागा होता आणि गांधीजींनी तो जागा ठेवला. आश्रमात लग्न लागायचं होतं तेव्हा पुरोहित म्हणून शास्त्रीजींनाच पाचारण केलं गेलं. ज्या काळी कुष्ठरोग्याची सावली मंगलकार्यात चालत नसे, त्या काळी एका जोडप्यानं कुष्ठरोगी ब्राह्मणाच्या तोंडून मंत्र ऐकत, त्याच्या आशीर्वादानं संसार सुरू केला. दारात आलेल्याला जागा देणं ही एक गोष्ट झाली. त्याच्याकडून काही मागणं, त्यानं दिलेलं हात पसरून घेणं, ही दुसरी. मसूरच्या स्टेशनमास्तरनं त्या चार मुलांना पाणी दिलं असतं, तरी त्यांच्या हातचं पाणी तो प्यायला असता का?

परचुरे शास्त्रींच्या हातच्या अक्षता त्या जोडप्यानं डोक्यावर घेतल्या होत्या.